अंगणातल्या पाचोळ्यासाठी ब्लोअर कसा निवडावा

बेळगाव परिसरात पाचोळा दोन हप्त्यांत पडतो. संक्रांत झाली की साग, जंगली बदाम आणि पिंपळ पाने टाकू लागतात आणि शिमग्यापर्यंत अंगणात कुरकुरीत, हलक्या पानांचा थर रोज नव्याने साचतो. दुसरा हप्ता वळवाच्या पावसाबरोबर एप्रिल-मे महिन्यांत येतो. त्यात पानांबरोबर मोडलेल्या काटक्या, गळालेल्या कैऱ्या आणि फरशीला चिकटून बसलेला ओला गाळही असतो. ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाचोळा ढकलणारे यंत्र, विकत घेताना बहुतेक जण पहिल्या हप्त्याचा विचार करतात आणि पस्तावतात ते दुसऱ्या हप्त्यात. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वी आपल्या अंगणात काय पडते, किती पडते आणि कशावर पडते, हे चार दिवस नीट पाहून ठेवावे.

आधी जागेचा अंदाज घेऊ. प्लॉटला ‘साइट’ म्हणण्याची सवय कर्नाटकात राहून आपल्या सगळ्यांनाच लागली आहे. तीस बाय चाळीसच्या साइटवर, म्हणजे १२०० चौरस फुटांवर, घर बांधून झाल्यावर उरते ती समोरची गाडी लावण्याची फरशी आणि दोन्ही बाजूंचे तीन-तीन फुटांचे बोळ. अशा घराला ब्लोअर लागत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे. हिरांचा चांगला खराटा तेवढे काम पंधरा-वीस मिनिटांत उरकतो, आणि अरुंद बोळात ब्लोअर लावला तर पाने भिंतीला आपटून पुन्हा आपल्याच अंगावर येतात. मोकळी जागा अर्ध्या गुंठ्याच्या, म्हणजे साधारण साडेपाचशे चौरस फुटांच्या पुढे गेली आणि तिच्यावर एक-दोन मोठी झाडे असली, की यंत्राचा विचार करायला हरकत नाही. टिळकवाडी, हिंदवाडी आणि कॅम्पमधली आंबा-फणसाची जुनी घरे या मापात बसतात. खानापूर, जांबोटी किंवा चंदगडच्या बाजूची काजूच्या बागेतली शेतघरे हा निराळाच प्रकार आहे. त्यांच्याविषयी पुढे येईल.

पाने कशावर पडतात, हा प्रश्न मला जागेच्या मापापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. गुळगुळीत शहाबादी फरशीवरून वाळलेले पान फुंकरीनेही सरकते. पेव्हर ब्लॉकच्या फटींत मात्र पानांचे देठ अडकतात आणि तिथे झोत तिरपा, जमिनीलगत मारावा लागतो. गवतावरची पाने पात्यांत गुंतलेली असल्यामुळे त्यांना बरीच हवा लागते. अंगणात बारीक खडी पसरली असेल, तर वेग कमी-जास्त करण्याची सोय नसलेला ब्लोअर घेऊच नये, कारण पानांच्या आधी खडीच उडते आणि गाडीच्या काचेपर्यंत पोहोचते. राहिले मातीचे अंगण. आपल्याकडची तांबडी माती पावसाळ्यात चिखल होते आणि उन्हाळ्यात पिठासारखी बारीक होते, आणि त्या पिठावर जोराचा झोत मारला की पाचोळा बाजूला राहून लाल धुरळ्याचा लोट उठतो. शेणाने सारवलेल्या अंगणावर तर ब्लोअर वापरूच नये. सारवणाची खपली एका कोपऱ्यातून सुटली की हवा तिच्याखाली शिरते आणि आठ दिवसांपूर्वीचे सारवण पापुद्र्यांनी निघून जाते.

पानापानांतही फरक असतो. सागाचे पान ताटाएवढे, त्यामुळे वारा धरते आणि थोड्या हवेतही पतंगासारखे उलटते. आंब्याचे पान लांबट, चिवट आणि जमिनीला सपाट बसणारे. फणसाचे पान जाड आणि जड. कोरडे असताना ते खडखडत जाते, पण एक सर पडून गेली की फरशीला असे चिकटते की नखाने काढावे लागते. चिंच आणि गुलमोहर यांची बारीक पत्री प्रत्येक फटीत बसते. आमच्या घरामागे फणस आहे आणि कुंपणाच्या भिंतीलगत अशोकाची रांग आहे, त्यामुळे मला दोन टोकांचा अनुभव येतो: अशोकाची पाने यंत्र नुसते दाखवले तरी पळतात आणि फणसाची जागची हलत नाहीत.

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे वळू, कारण खरी फसगत तिथे होते. माझा पहिला ब्लोअर मी आरपीएमचा आकडा पाहून घेतला. दुकानदाराने ‘सोळा हजार आरपीएम आहे बघा, सर’ असे मोठ्या कौतुकाने सांगितले आणि मलाही ते पटले. घरी आणून पाहतो तो त्या यंत्राने गाडीच्या सीटखालची धूळ, खिडकीच्या खाचा आणि पंख्याची जाळी उत्तम साफ केली; पण अंगणात मात्र एका वेळी वीतभर पट्टाच मोकळा होत होता. आरपीएम म्हणजे आतला पंखा मिनिटाला किती फेरे घेतो एवढेच. त्यावरून बाहेर किती हवा येते ते कळत नाही.

पाहायचे आकडे दोन आहेत. पहिला हवेचे प्रमाण, जे घनमीटर प्रति मिनिट किंवा सीएफएम, म्हणजे घनफूट प्रति मिनिट, असे लिहिलेले असते. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट, एवढे लक्षात ठेवले की दोन खोक्यांची तुलना करता येते. दुसरा आकडा हवेच्या वेगाचा; तो मीटर प्रति सेकंद किंवा किलोमीटर प्रति तास या मापात असतो, आणि पहिल्याला ३.६ ने गुणले की दुसरे मिळते. वेग चिकटलेले पान सुटे करतो आणि प्रमाण सुट्या पानांचा ढीग पुढे ढकलते. जाहिरातींत वेगाचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, कारण नळीचे तोंड बारीक केले की तो सहज वाढवता येतो. शिवाय काही खोक्यांवर वेग बारीक तोंड लावून आणि प्रमाण तोंड काढून मोजलेले असते, त्यामुळे ते दोन्ही आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत.

याचा ढोबळ हिशोब करून पाहण्यासारखा आहे. एक लहान यंत्र मिनिटाला ३ घनमीटर हवा सेकंदाला ८० मीटर वेगाने फेकते असे धरा, आणि बागेसाठीचे दुसरे यंत्र ११ घनमीटर हवा ६० मीटर वेगाने फेकते असे धरा. हवेचे वजन घनमीटरला सुमारे १.२ किलो असते. त्यावरून झोताचा ढकलण्याचा जोर काढला तर पहिल्याचा जेमतेम ५ न्यूटन येतो आणि दुसऱ्याचा १३ न्यूटन. वेग कमी असूनही दुसरे यंत्र अडीच पटींहून अधिक जोर लावते. त्यात आणखी एक गोष्ट असते. झोत बाहेर पडला की भोवतालची हवा ओढून घेत मंदावतो आणि अंतर दुप्पट झाले की त्याचा वेग निम्म्यावर येतो. बारीक तोंडाचा झोत हा प्रवास फार लवकर संपवतो. म्हणूनच लहान यंत्र घेऊन काम करताना माणसाला कमरेत वाकून नळी पानांपाशी न्यावी लागते, आणि अर्ध्या तासाने पाठ बोलू लागते. खोक्यावर न्यूटनमध्ये जोर दिलेला असेल, तर बाकीचे आकडे सोडून तोच एक पाहावा.

बाजारात मिळणाऱ्या यंत्रांचे माझ्या मते चार गट पडतात. पहिला वायरवर चालणाऱ्या ५०० ते ८०० वॉटच्या लहान हातब्लोअरचा. खडे बाजारापासून किर्लोस्कर रोडपर्यंत हार्डवेअरच्या अनेक दुकानांत हाच लटकलेला दिसतो. हजार-दीड हजारांपासून मिळतो आणि वजनाला दोन किलोंच्या आत असतो. हा मुळात सुतारकामातला भुसा, पॅनेलमधली आणि यंत्रांवरची धूळ यांच्यासाठी केलेला आहे. फरशीचे छोटे अंगण, व्हरांडा, जिना आणि गच्ची यांना तो चालतो; गवत आणि ओला पाचोळा त्याच्या आवाक्याबाहेरचे आहेत. त्याच्या मोटारीत कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला घासत वीज पोहोचवणारे तुकडे (ब्रश), असतात आणि ते झिजतात. सलग पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नये असे बहुतेकांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेले असते, ते वाचावे. माझ्या यंत्राचे कार्बन दुसऱ्याच हंगामात संपले. उद्यमबागेजवळच्या एका मोटार वाइंडिंगवाल्याने ते दहा मिनिटांत बदलून दिले आणि यंत्राच्या पोटातून मूठभर तांबडी माती काढून माझ्यापुढे कागदावर ठेवली. हवा आत घेण्याची जाळी मी धुरळ्यात धरत होतो, हा त्यातला बोध मी निमूटपणे घेतला.

दुसरा गट वायरवरच्याच, पण अडीच ते तीन हजार वॉटच्या बागेच्या ब्लोअरचा. यांतले बरेच उलटे करून पाने ओढूनही घेतात, आतल्या पात्यांनी त्यांचा चुरा करतात आणि खांद्याला लटकवलेल्या पिशवीत भरतात. खत करणाऱ्यांना हा प्रकार मोहात पाडतो आणि कोरड्या आंब्याच्या किंवा अशोकाच्या पानांवर तो खरोखर उपयोगी आहे. सागाचे देठ आणि काटक्या मात्र त्याच्या घशात अडकतात, आणि ओली पाने आत गेली की नळीत लगदा बसतो. पण हा घेण्याआधी घरातली वायरिंग तपासावी. २३० व्होल्टवर ३००० वॉट म्हणजे १३ अँपिअर. टीव्हीच्या किंवा मोबाइलच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावता येत नाही. त्याला गिझरचा असतो तसा १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. अंगणाच्या टोकापर्यंत तीस मीटर वायर न्यायची असेल, तर ती २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची, तीन तारांची, एकसंध असावी. लहान ब्लोअरला एक चौरस मिलिमीटरची वायर पुरते.

वायरीतल्या जोडाविषयी थोडे थांबतो. पहिल्या वर्षी मी दोन तुकडे पिळून, वर इन्सुलेशन टेप गुंडाळून एक्सटेन्शन केले होते. सकाळी दव पडलेल्या गवतावर तो जोड लोळत होता आणि पायात चप्पलही नव्हती. पोटरीपर्यंत झिणझिणी आली आणि त्याच क्षणी आतल्या बोर्डातला ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, पडला, म्हणून आज हे लिहीत आहे. वायरवरचा कोणताही ब्लोअर अंगणात नेण्यापूर्वी घरात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी किंवा आरसीसीबी आहे ना, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. नसेल तर ब्लोअरच्या आधी तो घ्यावा. वळवाच्या दिवसांत जमीन ओली असताना वायरवरचे यंत्र बाहेर काढूच नये.

तिसरा गट बॅटरीवरच्या ब्लोअरचा. एक-दोन गुंठ्यांच्या घरगुती अंगणासाठी मी आज कोणालाही हाच सुचवीन. वायर पायात येत नाही, दोरी ओढावी लागत नाही, आवाज सुसह्य असतो आणि ब्रशलेस मोटार असेल तर कार्बनची कटकट नाही. अडचण वेळेची आहे, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. हिशोब सोपा आहे. खोक्यावर २० व्होल्ट लिहिलेले असले तरी ते पूर्ण भरलेल्या बॅटरीचे असतात. कामाचे व्होल्ट १८ धरावेत. ४ अँपिअर-तासांची बॅटरी असेल तर १८ गुणिले ४ म्हणजे ७२ वॉट-तास झाले. यंत्र पूर्ण जोरावर ३०० वॉट खात असेल, तर ती बॅटरी १४ मिनिटांत संपते. अर्ध्या जोरावर ती अर्धा तास सहज पुरते आणि कोरड्या पाचोळ्याला अर्धा जोर पुष्कळ होतो. पण सोबत २ अँपिअर-तासांची बॅटरी देऊन किंमत कमी दाखवणाऱ्या संचापासून सावध राहावे. बॅटरी आणि चार्जर किमतीत धरले आहेत का, हे आधी विचारावे, कारण नुसते यंत्र स्वस्त दिसते आणि बॅटरीची किंमत वेगळी कळल्यावर घाम फुटतो. घरात आधीच एखाद्या कंपनीचे बॅटरीवरचे ड्रिल असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच व्होल्टचा ब्लोअर पाहावा. तीच बॅटरी दोन्हीकडे चालली तर मोठी बचत होते. वीज गेलेली असतानाही साध्या घरगुती इन्व्हर्टरवर हा चार्जर चालतो, ही पावसाळ्यात आपल्याकडे लहान सोय नव्हे.

चौथा गट पेट्रोलवरच्या यंत्रांचा. हातात धरायचे २५ ते २७ सीसीचे यंत्र चार-साडेचार किलोंचे असते आणि पाठीवर घ्यायचे मोठे आठ-दहा किलोंचे. शहरातल्या अंगणाला यांची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. खानापूर-चंदगडकडच्या काजूवाल्यांचे मात्र याच्याशिवाय भागत नाही. काजूची बोंडे गळू लागण्याआधी, फेब्रुवारीच्या सुमारास, झाडाखालचा पाचोळा साफ केला तर पडलेली बी दिसते आणि वेचता येते. दोन-तीन एकरांत हे काम खराट्याने करायचे तर माणसे मिळत नाहीत. अशांनी पाठीवरचेच यंत्र घ्यावे. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागते: ५० ला १ असे प्रमाण असेल तर लिटरला २० मिलि, २५ ला १ असेल तर ४० मिलि. कोणते प्रमाण हे यंत्राच्या माहितीपत्रकातच पाहावे. शेजाऱ्याच्या फवारणी पंपाचे प्रमाण आपल्या ब्लोअरला लागू होईलच असे नाही. आता पंपावरच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे मिश्रण महिनाभरापेक्षा जास्त साठवू नये. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून कार्बोरेटर कोरडा करावा. हे न केल्यामुळे पुढच्या जानेवारीत दोरी ओढून ओढून खांदा दुखवून घेणारे दोघे-तिघे माझ्या पाहण्यात आहेत.

आवाजाचा प्रश्न शेजाऱ्यांचा आहे, तसा आपल्या कानांचाही आहे. पेट्रोलचे यंत्र चालवणाऱ्याच्या कानाशी ९० डेसिबलच्या वर जाते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास ही सुरक्षित मर्यादा मानतात आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९४ डेसिबलला एक तासच उरतो. म्हणून कानांवर मफ किंवा निदान फोमचे बोळे हवेत. देशाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे; दवाखाने, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र असू शकतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने धुरामुळे २०२४ पासून अशा लहान पेट्रोल इंजिनांच्या नव्या यंत्रांवर निर्बंध आणले. आपल्याकडे तसे काही नाही, परंतु सकाळी सहा वाजता गल्लीत इंजिन सुरू करणाऱ्याकडे लोक कसे पाहतात ते नियमाच्या पुस्तकात लिहिलेले नसते.

दुकानात जाताना मी आता एक गोष्ट न चुकता करतो. कापडी पिशवीत आपल्याच अंगणातला पाचोळा भरून नेतो: निम्मा कोरडा आणि निम्मा पाण्यात भिजवून निथळलेला. दुसरा ब्लोअर घेताना पिशवी उपडी केली तेव्हा दुकानातला पोऱ्या हसला, पण मालकाने समजून घेतले आणि आम्ही तिघे दुकानासमोरच्या फरशीवर ढीग मांडून उभे राहिलो. ताठ उभे राहून, नळीचे तोंड ढिगापासून पाच-सहा फुटांवर ठेवून यंत्र लावावे. कोरडा ढीग पूर्ण हलला पाहिजे आणि ओल्यातली निदान वरची पाने सुटली पाहिजेत. त्याच वेळी यंत्र एका हातात सलग तीन मिनिटे धरून पाहावे. नळी पुढे ओढत असेल आणि मनगट सतत मागे वळवावे लागत असेल, तर वजनाचा तोल चुकला आहे, आणि तो घरी गेल्यावर सुधारत नाही. हवा आत घेणारी जाळी बाजूला आहे की मागे, हेही पाहावे. ती मांडीशी येत असेल तर साडीचा पदर किंवा सैल सदरा तिच्याकडे ओढला जातो. वेग बोटाने कमी-जास्त करता येतो का आणि तो एका जागी अडकवून ठेवता येतो का, याची खात्री करून घ्यावी. ऑनलाइन मागवणाऱ्याला ही परीक्षा घेता येत नाही. त्याने निदान कोणा ओळखीच्यांकडे तेच यंत्र पाहून यावे.

दुरुस्तीचे केंद्र कुठे आहे, हा प्रश्न सीमाभागात जरा वेगळा विचारावा लागतो. निपाणीच्या माणसाला बेळगाव सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर आणि कोल्हापूर चाळीस-पंचेचाळीस. खानापूर-लोंढ्याच्या माणसाला कोल्हापूर दूर आणि बेळगाव किंवा हुबळी सोयीचे. त्यामुळे ‘कर्नाटकात आमचे केंद्र आहे’ या उत्तरावर समाधान मानू नये; ते बेंगळुरूला असेल तर आपल्याला नसल्यासारखेच आहे. कार्बन, स्विच, बॅटरी आणि नळी हे चार सुटे भाग त्या केंद्रात मिळतात का, हे फोन करून विचारावे, आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख तिथेच घ्यावी. ज्या बॅटरीच्या यंत्राची बॅटरी वेगळी विकत मिळत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी तीन वर्षांनी भंगारात जाते.

यंत्र घरी आले की वेळेचे गणित सांभाळावे. पाने कोरडी आणि माती किंचित ओली, अशी घडी दिवसातून एकदाच मिळते. हिवाळ्यात पहाटे दव असते, त्यामुळे आठ वाजेपर्यंत पाने चिकट असतात. बारानंतर माती सुटते आणि धुरळा उठतो. नऊ ते दहाचा तास चांगला. मातीच्या अंगणात आदल्या संध्याकाळी झारीने हलका सडा घालून ठेवला की वरची पाने सकाळी वाळलेली असतात आणि खालची माती बसलेली असते. वाऱ्याच्या दिशेनेच चालावे. भिंतीच्या कोपऱ्यातून सुरुवात करून पाने मोकळ्या जागेत आणावीत. नळी जमिनीला तिरपी, डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवत न्यावी. ढीग गुडघ्याएवढा झाला की थांबावे, तो पोत्यात भरावा आणि मग पुढे जावे. सगळ्या अंगणाचा एकच मोठा ढीग करण्याच्या नादात शेवटी यंत्राचा जोर कमी पडतो. डोळ्यांवर गॉगल आणि तोंडावर धुळीचा मास्क असावा. शेजारच्या काकूंनी वाळत घातलेले कपडे आधी पाहावेत. मी एकदा पाहिले नव्हते, आणि तांबड्या मातीचे ठिपके पांढऱ्या चादरीवरून सहज जात नाहीत.

पाचोळ्याच्या जुन्या थरात घोणस किंवा फुरसे असू शकते, विंचू तर असतोच. इथे ब्लोअर खराट्यापेक्षा उजवा ठरतो, कारण पाच-सहा फुटांवर उभे राहून वरचा थर आधी उडवता येतो आणि खाली काय आहे ते दिसते. तरीही पायात बूट हवेत आणि ढीग भरताना हात घालू नये, फावडे वापरावे. कौलारू घराच्या पन्हळीतला पाचोळा मृगाच्या आधी काढायचा असेल, तर झोत नेहमी आढ्याकडून खाली मारावा. खालून वर मारला तर हवा मंगलोरी कौलांच्या खाली शिरून ती उचकटते आणि पहिल्याच पावसात घरात ठिबकू लागते.

गोळा केलेल्या पानांचे काय करायचे, हे यंत्र घेण्यापूर्वीच ठरवून ठेवावे, नाहीतर ती गटारात किंवा शेजारच्या रिकाम्या साइटवर जातात आणि जूनमध्ये गटार तुंबून पाणी आपल्या दारात येते. पेटवून देणे हा तर मार्गच नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल खड्डा एका घराच्या पाचोळ्याला पुरतो. वीतभर पाने, त्यावर शेणकाला आणि मूठभर माती, असे थर देत गेले आणि ओल टिकवली, की संक्रांतीची आंब्याची पाने दिवाळीपर्यंत काळी होतात. फणसाची आणि सागाची पाने वेळ लावतात. ती आधी पायाखाली तुडवून मोडावीत.

पावसाळा लागला की यंत्र पुसून, जाळीतली माती ब्रशने काढून कोरड्या खोलीत ठेवावे. बॅटरी काढून, निम्मी भरलेली अशी वेगळी ठेवावी. पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा तपासावी. नळीच्या तोंडाला आणि हवेच्या जाळीला कापड बांधायला मात्र विसरू नये. गेल्या वर्षी मी विसरलो, आणि कुंभारमाशीने नळीत घर केले. जानेवारीत बटण दाबताच पहिल्या झोताबरोबर मातीची ढेकळे आणि तिने पिलांसाठी भरून ठेवलेल्या कोळ्यांचा वाळका चुरा समोरच्या चुन्याच्या भिंतीवर जाऊन आदळला. तो तांबडा शिंतोडा अजून तिथे आहे.